जावयाचे पहिले पाऊल

मोतीचे खरे नाव वाद्यवृंदातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते. अक्षर मोत्यासारखे, म्हणून तो मोती. हे कुत्र्याचेही नाव असते, याची आठवण त्याला रोज एकदा करून देण्याचे काम ट्यूबावादकाने आपण होऊन अंगावर घेतले होते. "मोत्या, इकडे ये. मोत्या, कागद आण," असे म्हणून तो जिभेने च्यक् च्यक् करी आणि पितळी वाद्यांची अख्खी रांग हसे. मोतीही हसे. ट्यूबावादकाला सगळे भोंगा म्हणत. त्याचे वाद्य त्या रांगेत सर्वांत मोठे आणि त्याचा आवाज सर्वांत खालचा. ते मांडीवर घेऊन बसला की माणूस वाद्य वाजवतो आहे की वाद्याने माणूस गिळला आहे, हे लांबून कळत नसे. मोत्या आणि भोंगा अशी ही बरोबरीची जोडी होती.

मोतीचे काम नकलेचे. संगीतकार सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक, भल्यामोठ्या पानांवर लिहितो. ते पान फक्त संचालकासमोर असते. साठ वादकांपैकी प्रत्येकाला लागतो तो त्याच्या एकट्याच्या वाद्यापुरता कागद, आणि ते साठही कागद मोतीच्या हातचे असत. त्याच्याजवळ चार टाक, एक पट्टी, टीपकागद आणि दाढीचे एक पाते असे. पाते चुकीसाठी. शाई वाळली की पात्याच्या कोपऱ्याने हलकेच खरवडायचे, नखाच्या पाठीने ती जागा घोटायची आणि वर नव्याने लिहायचे. कसबी हाताने केलेली दुरुस्ती जवळून पाहिली तरी दिसत नाही. मोतीचा हात कसबी होता, पण पाते वापरायची वेळ त्याच्यावर वर्षाकाठी एखाद्या वेळी येई.

दोन उभ्या रेघांमधल्या जागेला वादक बार म्हणतात. ज्याला बराच वेळ गप्प बसायचे असते, त्याच्या कागदावर तेवढे मोकळे बार काढत बसत नाहीत. एक जाड आडवी रेघ ओढतात आणि तिच्यावर आकडा लिहितात. आकडा सोळा असेल तर सोळा बार मनात मोजायचे आणि सतराव्याला फुंक मारायची. व्हायोलिनवाले सदा वाजवत असतात, त्यांना या मोजण्याचे काय? ट्यूबावाल्याचे निम्मे आयुष्य मात्र मोजण्यात जाते. म्हणून भोंगा म्हणे, "मला गाणं येत नाही रे, मला आकडे येतात. तू लिहितोस तेवढे."

कुणी चुकीच्या जागी वाजवले आणि वाद झाला, तर त्या वाद्यवृंदात एकच रीत होती. वादकाचा कागद पाहायचा. कागद म्हणेल ते खरे. अकरा वर्षांत कागद एकदाही खोटा ठरला नव्हता, आणि हा लौकिक मोती अंगावरच्या कोऱ्या कपड्यासारखा जपत असे.

त्या वर्षी वाद्यवृंदाला एका सिनेमाचे काम मिळाले. गावाबाहेरच्या जुन्या खाणीतून एक अवाढव्य प्राणी वर येतो आणि शहर तुडवत निघतो, अशी गोष्ट. प्राणी म्हणजे रबराचा पोशाख घातलेला एक माणूस आणि शहर म्हणजे पुठ्ठ्याची गुडघाभर उंचीची घरे. पोशाखाला ऊन चालत नसे, पाणी चालत नसे, शेपूट उचलायला तीन माणसे लागत, आणि एवढे करूनही आतल्या माणसाचे कधी बिनसेल याचा नेम नसे. म्हणून चित्रीकरणाच्या मंडळींनी त्या श्वापदाचे नाव ठेवले होते जावई. वाद्यवृंदानेही तेच नाव उचलले. "आज जावई पूल पाडणार आहेत," असे संचालक गंभीर चेहऱ्याने सांगत. त्यांनीच संगीत लिहिले होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

मास्तरांनी जावयाच्या पावलांसाठी ट्यूबा निवडला होता. पडद्यावर शहर अजून निवांत आहे, चौकात माणसे उभी आहेत, व्हायोलिनवर एक बारीक, लांबलचक स्वर ताणलेला आहे. बावीस बार असेच जातात. मग घरांच्या वर पहिले पाऊल दिसते आणि त्याच क्षणी ट्यूबाचा अगदी तळाचा स्वर येतो. मास्तरांनी आधीच सांगून ठेवलेल्या त्या एका स्वरासाठी भोंगा आठवडाभर घरी फुंकत होता. त्याची बायको म्हणाली होती, "जावई आपल्याच घरात उतरलेत असं वाटतंय."

मास्तरांना शेवटचा हात फिरवायची सवय होती. त्या भागाची पाने त्यांनी मोतीच्या हातात ठेवली ती ध्वनिमुद्रणाच्याच दिवशी सकाळी, आणि मोती सभागृहाबाहेरच्या कोट टांगायच्या खोलीत टेबल ओढून बसला. आत वादक वाद्ये जुळवत होते. ट्यूबाचा कागद त्याने सगळ्यांत शेवटी घेतला, कारण त्यात लिहिण्यासारखे फार नव्हते. मास्तर एका पानावर चार बार लिहीत. ट्यूबाच्या ओळीत रिकामी अशी पाच पाने त्याने उलटली, सहाव्यावर स्वर दिसला. पाच चोक वीस. त्याने जाड रेघ ओढली, वर वीस लिहिले, कागद हवेत हलवून वाळवला आणि धावत आत नेऊन भोंग्यापुढे ठेवला. सहाव्या पानावर स्वराच्या आधी आणखी दोन बार रिकामे होते. ते त्याने पाहिले नाहीत.

पहिल्या खेपेला विसाव्या बारानंतर ट्यूबाचा स्वर सभागृहाच्या जमिनीतून वर आला तेव्हा पडद्यावर चौक तसाच शांत होता. मास्तरांनी हात थांबवला नाही. शेवटपर्यंत वाजवून घेतले, कारण यंत्र चालू होते. मग काठी खाली ठेवून त्यांनी विचारले, "ट्यूबा, तुम्ही कुठे निघालात?"

"माझ्या कागदावर वीस आहेत," भोंगा म्हणाला.

"माझ्याकडे बावीस आहेत."

"असतील. माझ्या कागदावर वीस आहेत."

"ठीक. चहा घेऊन या सगळ्यांनी. आल्यावर कागद बघू."

मोती मागच्या भिंतीशी उभा होता. सहावे पान त्याच्या डोळ्यांपुढे आले, आणि त्यातल्या डावीकडच्या दोन कोऱ्या जागाही. सगळे बाहेर गेले. मोकळ्या खुर्च्यांमधून तो ट्यूबाचा कागद ठेवलेल्या घोडीपाशी गेला. खिशात पाते होते.

पुढे आयुष्यभर त्याने या जागी स्वतःला कितीदा तरी थांबवून पाहिले. नोकरी जाणार नव्हती. मास्तर फार तर "काय रे मोती" म्हणाले असते, पितळवाल्यांनी महिनाभर भुंकून दाखवले असते. घरात कुणी आजारी नव्हते, डोक्यावर कसला भार नव्हता. कारण म्हणावे असे एकच होते, आणि ते सांगायचीही लाज वाटावी: कागद खोटा ठरू नये. त्याने शून्य खरवडले, नखाने घोटले, दोन लिहिले आणि टीपकागद दाबला. शून्याच्या जागी दोन. याला जेमतेम दीड मिनिट लागले असेल. मग बाहेर जाऊन त्याने भोंग्याच्याच शेजारी उभे राहून चहा घेतला. भोंगा म्हणाला, "मास्तरांचं पान चुकलं असणार. तू काळजी करू नको, मोत्या."

चहानंतर मास्तर स्वतः खाली आले. कागद हातात घेतला, पाहिला आणि भोंग्यापुढे धरला. भोंगा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला.

"बावीसच आहे," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

"होतं असं कधी," मास्तर मऊपणे म्हणाले. "फक्त कागदावर ढकलू नका."

ते रागे भरले असते तर बरे झाले असते, असे मोतीला वाटले. कुणी हसलेही नाही. दुसऱ्या खेपेला भोंग्याचा स्वर बरोबर जागी आला, पण काठावर उभे राहून पाणी चाचपावे तसा. सिनेमा लागला तेव्हा कळले, की दिग्दर्शकाने पहिलीच खेप ठेवली होती. पाऊल दिसण्याच्या आधी त्याचा आवाज येतो, थिएटरातले लोक दचकून आपल्या मागे बघतात, आणि मग पडद्यावर घरांच्या वर काहीतरी हलते. लोकांनी तो सिनेमा त्या एका जागेसाठी पुनःपुन्हा पाहिला.

भोंग्याने तो पाहिला नाही. त्याच्या वडिलांना उतारवयात विस्मरण झाले होते, आणि त्याची सुरुवात आकड्यांपासून झाली होती. आधी घराचे क्रमांक गेले, मग वर्षे, मग मुले. कागदावर बावीस असताना आपल्याला वीस दिसले, हे भोंग्याच्या मनात काट्यासारखे रुतले. तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डोळे ठणठणीत निघाले. "डोळे चांगले आहेत," तो मोतीला हसत म्हणाला, "म्हणजे डोकंच." आणखी दोन कार्यक्रमांत तो स्वतःच्या मोजण्यावर विश्वास न ठेवता शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्याच्या कोपराकडे बघत बसला. तिसऱ्याला आला नाही. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

पुढे त्याने दिव्यांच्या कारखान्यात भांडारपालाची नोकरी धरली आणि सत्तावीस वर्षे केली. प्रत्येक खोके तो तीनदा मोजी, आणि त्याच्या वहीत कधी एका दिव्याचा फरक पडला नाही. घराच्या दारावर आतल्या बाजूने चिठ्ठ्या डकवलेल्या असत: किल्ली. गॅस. खिडकी. चष्मा. शाळेतून मुलीला आणणे, चार वाजता. ट्यूबा कोपऱ्यात चादरीखाली असे. नवखा पाहुणा त्या चादरीला नमस्कार करी, आणि मग घरातली माणसे त्याला समजावून सांगत.

दर गुरुवारी संध्याकाळी मोती त्याच्याकडे पत्ते खेळायला जाई. प्रायश्चित्त म्हणून जातो की टेहळणीला, हे त्याचे त्यालाच उमगत नसे. प्रत्येक गुरुवारी तो मनात एक वाक्य जुळवून जिना चढे आणि तेच वाक्य तसेच घेऊन उतरे. भोंगा पाने वाटताना मोठ्याने मोजी. सगळी पाने वाटून झाली की म्हणे, "बघ रे बरोबर आहेत का. तुझ्या नजरेतून सुटत नाही काही." वर्षे गेली. भोंग्याची बायको गेली. चिठ्ठ्यांचे कागद पिवळे पडले की तो त्याच मजकुराच्या नव्या डकवी.

विस्मरण आले नाही. भोंगा त्याची वाट पाहत म्हातारा झाला.

मोती त्र्याहत्तर वर्षांचा झाला त्या वर्षी वाद्यवृंदाच्या ग्रंथालयातल्या बाई त्याच्या घरी आल्या. जुने कागद सांभाळणे हे त्यांचे काम. जावयाचा सिनेमा आता मोठ्या सभागृहात दाखवायचा होता आणि संगीत समोर बसून साठ जण वाजवणार होते. बाईंनी खिडकीजवळच्या टेबलावर एक जुने पुठ्ठ्याचे पाकीट उघडले. सगळ्यांत वर ट्यूबाचा कागद होता.

"काका, एक कोडं आहे," त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या पानात बावीस. या कागदात बावीस. सिनेमात मात्र ट्यूबा विसाला येतो. आमच्या संचालकांना सिनेमात आहे तसंच हवंय, म्हणजे नव्या कागदावर मी वीस छापणार. पण कार्यक्रमपत्रिकेत चार ओळी लिहायच्यात, त्या बरोबर आहेत ना बघा."

त्यांनी टंकलेला मजकूर पुढे केला. ट्यूबावादक मोजायला चुकला आणि त्या चुकीतून सिनेमातला सर्वांत गाजलेला क्षण जन्माला आला, असे त्यात लिहिले होते. खाली भोंग्याचे नाव होते, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मोतीने मजकूर परत केला. "बरोबर आहे," तो म्हणाला.

बाईंनी ट्यूबाचा कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "आणि हे बघा. दुसरा दोन आहे ना, तिथून उजेड आरपार येतो. मला आधी वाटलं झुरळानं खाल्लंय."

"जुना कागद आहे. झुरळंच असतील."

"झुरळ एवढं नेमकं खात नाही हो, काका." बाईंनी त्याच्याकडे पाहिले, आणि मग सभ्यपणे दुसरीकडे. "कागद ठेवून जाते. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. काही आठवलं तर फोन करा."

त्या गेल्यावर मोतीच्या बायकोने कप उचलले. "काय म्हणत होत्या?"

एकेचाळीस वर्षांत जे तोंडातून निघाले नव्हते, ते त्याने कप उचलणाऱ्या बायकोला उभ्या उभ्या सांगून टाकले. ती ऐकत राहिली. मग कप पुन्हा टेबलावर ठेवून खुर्चीत बसली.

"तरीच," ती म्हणाली. "गुरुवारी त्यांच्याकडून आलात की तुम्हाला जेवण जात नाही. मी समजत होते, पत्त्यात हरता."

"आता काय करू?"

"मला काय विचारता? ट्यूबा मी वाजवत होते का?"

दुसरा दिवस गुरुवारच होता. मोतीने कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून बरोबर नेला. भोंग्याने दार उघडले, आत घेतले, कडी लावून ती एकदा ओढून पाहिली आणि पाने पिसायला घेतली.

"थांब जरा," मोती म्हणाला. "हे ओळखतोस?"

भोंग्याने चष्मा सारखा केला. "ओळखतो की. माझाच." तो किंचित हसला. "याच बावीसनं मला घरी बसवलं. कुठून काढलंस?"

"उजेडाकडे धर."

भोंगा खिडकीशी गेला. कागद वर धरला, खाली घेतला, पुन्हा वर धरला.

"तिथं शून्य होतं," मोती म्हणाला. जुळवलेले वाक्य केव्हाच विसरले होते. जे आले ते आले. "वीस लिहिलं होतं मी. तू वीसच वाचलंस आणि वीसच मोजलंस. सगळे चहाला गेले तेव्हा मी पात्यानं खोडलं."

भोंगा वळला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने गॅसचे बटण बंद आहे ना ते पाहिले आणि परत आला.

"वीस होतं."

"वीस होतं."

"म्हणजे मला दिसलं ते तिथं होतं."

"होतं रे. तुझं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ—"

"ते आत्ता नको." भोंगा खुर्चीत बसला. भिंतीकडे बघत त्याने विचारले, "किती वर्षं झाली? एकेचाळीस. वर्षाला बावन्न गुरुवार. दोन हजार एकशे बत्तीस." क्षणाचाही विलंब लागला नव्हता. "बरोबर आहे का बघ. कागदावर करून बघ. तुझा कागद खोटं बोलत नाही."

मोतीने मान खाली घातली.

"पोरगी तीन वर्षांची होती," भोंगा म्हणाला. आवाज चढला नव्हता. त्याच्या वाद्यासारखा खालीच होता. "तिला एकटा घेऊन बागेत कधी गेलो नाही मी. बाकावर बसवीन आणि विसरून घरी येईन, असं वाटायचं. तिची आई म्हणायची, तुम्हाला पोरीचा कंटाळा आहे. मी म्हणायचो, आहे. तेवढंच सांगायला सोपं होतं." तो थांबला. "पोरीला सांगेन मी आता. तिच्या आईला कोण सांगणार? तू सांगणार आहेस?"

कोपऱ्यात चादरीखाली ट्यूबा पाहुण्यासारखा बसला होता. मोती उठला.

"एवढ्या गुरुवारांत एक गुरुवार मिळाला नाही तुला," भोंगा म्हणाला. "कागद इथंच ठेव. जाताना दार ओढून घे."

दारापर्यंत जाताना त्या चिठ्ठ्या मोतीच्या तोंडासमोर आल्या. किल्ली. गॅस. खिडकी. चष्मा. त्यांच्या खाली एक होती: गुरुवार, मोत्या. प्रत्येक अक्षर पट्टी लावून काढल्यासारखे होते. भोंग्याने अक्षर घटवले होते, आणि कुणाचे पाहून घटवले होते ते मोतीने तत्काळ ओळखले.

शुक्रवारी त्याने बाईंना फोन केला. चूक नकलाकाराची, ती लपवायला त्याने वादकाचा कागद खरवडला, वादक बरोबर होता. एवढेच लिहा, म्हणाला. पलीकडून बाईंनी विचारले, "तुमचं नाव घालू, काका?"

"घाला. त्याचं घातलं होतं तसंच, पूर्ण."

कार्यक्रमाला सभागृह भरले होते. भोंगा आणि त्याची मुलगी चार रांगा पुढे बसली होती. मोतीने फक्त त्याची पाठ पाहिली. दिवे गेले. पडद्यावर ते शहर उभे राहिले, तोच चौक, तीच माणसे, आणि व्हायोलिनचा तो बारीक स्वर सुरू झाला. पडद्याच्या उजेडात भोंग्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर दिसत होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, एकेका बाराला एकेक पेर. मोतीही मोजू लागला. अठरा. एकोणीस. विसावा बार सरताच अंगठा थांबला, आणि त्याच क्षणी समोरच्या ट्यूबाचा स्वर खुर्च्यांच्या पायांतून वर चढला. सगळे सभागृह दचकले, लोकांनी मागे वळून पाहिले. एकटा भोंगा दचकला नाही. त्याने हात मांडीवर घेतला.

मोतीला वाटले होते, दिवे लागल्यावर लोक आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. तसे काही झाले नाही. कार्यक्रमपत्रिकेतले पहिले वाक्य सगळ्यांनी वाचले होते, दुसरे फारसे कुणी वाचले नव्हते. "तुम्हीच का ते? काय सुंदर चूक केलीत हो!" असे म्हणून एका गृहस्थाने त्याचा हात हातात घेऊन हलवला. एका बाईने पत्रिकेवर सही मागितली. "नकला लिहायचात त्याच अक्षरात हं," ती म्हणाली. मोतीने पेनाचे टोपण काढले, पुन्हा बसवले. "पुढचं वाक्य वाचा," तो म्हणाला. तिने वाचले, आणि हसून म्हणाली, "चालायचंच! किती वर्षं झाली त्याला."

तो बाजूला झाला आणि लोक ओसरेपर्यंत खुर्च्यांच्या रांगेत उभा राहिला. चार रांगा पुढे एका खुर्चीखाली करड्या रंगाची टोपी पडली होती. ती त्याने ओळखली. भोंगा उठण्याआधी खिसे, चष्मा, टोपी, छत्री असे तीनदा चाचपून पाहणारा माणूस. त्याची वस्तू कुठे राहिलेली मोतीने कधी पाहिली नव्हती. त्याने वाकून टोपी उचलली आणि मनगटाने तिची धूळ झाडली.

तेवढ्यात भोंगाच दारातून उलटा आत आला. बाहेर पडणारी माणसे त्याच्यासाठी बाजूला होत होती. त्याच्या मागे दारातच त्याची मुलगी थांबली. भोंगा मोतीसमोर येऊन उभा राहिला.

"टोपी राहिली होती," मोती म्हणाला.

भोंग्याने ती घेतली. उलटी करून आत पाहिले, मग डोक्यावर ठेवून नीट बसवली.

"राहते माणसाची," तो म्हणाला.

एवढे बोलून तो वळला. दारात मुलगी काहीतरी विचारत होती, त्यावर तो तिला बसचा क्रमांक सांगत होता. गुरुवारचे तो काही बोलला नाही. मोतीनेही विचारले नाही.